एका हाताने लावता येणारा पट्टा

१३ ऑगस्ट १९५९. स्वीडनच्या दक्षिणेकडील क्रिस्तियानस्टाड शहरातील एका विक्रेत्याकडे व्हॉल्वो कंपनीची एक नवी 'पीव्ही ५४४' मोटार पोहोचली. दिसायला ती तिच्या आधीच्या मोटारींसारखीच होती. मात्र तिच्या पुढच्या आसनांना छातीवरून तिरपा आणि मांड्यांच्या वरून आडवा जाणारा, तीन ठिकाणी जखडलेला एक पट्टा होता. आज जगातील जवळजवळ प्रत्येक मोटारीत असतो तो हाच पट्टा.

वस्तू तयार झाली १९५९ मध्ये. माणसे ती लावू लागली त्यानंतर दहा, वीस, काही ठिकाणी चाळीस वर्षांनी, आणि मागच्या आसनावर तर अनेक जण अजूनही लावत नाहीत. सीटबेल्टच्या इतिहासाचा मोठा भाग या विलंबाचाच आहे.

आधी पट्ट्याची गरज का पडते ते पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार भिंतीवर आदळून थांबते, पण आतला माणूस थांबत नाही. तो त्याच वेगाने पुढे जात राहतो आणि सुकाणू, काच किंवा पुढचे आसन आडवे येईल तेव्हाच थांबतो. हा आघात साधारण १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चौथ्या मजल्यावरून खाली पडण्याइतका असतो. चौथ्या मजल्याच्या कठड्यावर कोणी बेफिकीरपणे बसत नाही. मोटारीत बसलेल्याला मात्र ती उंची दिसत नाही.

पट्ट्याच्या उगमाविषयी एक गैरसमज बराच पसरलेला आहे. १८८५ मध्ये एडवर्ड क्लॅगहॉर्न या अमेरिकन गृहस्थाने 'सेफ्टी बेल्ट'चे पेटंट घेतले, म्हणून त्याला सीटबेल्टचा जनक म्हटले जाते. प्रत्यक्षात त्याचे साधन माणसाला एखाद्या स्थिर वस्तूशी आकड्यांनी अडकवून ठेवण्यासाठी होते. मोटारीशी त्याचा संबंध नव्हता आणि असणे शक्यही नव्हते, कारण कार्ल बेंझच्या मोटारीचे पेटंटच १८८६ चे आहे.

पट्टा खऱ्या अर्थाने रुजला तो विमानांत. १९१० मध्ये बेंजामिन फुलुआ हा अमेरिकन लष्करी अधिकारी राइट बंधूंच्या विमानातून उडताना आसनावरून फेकला जाण्याच्या बेतात आला, तेव्हा त्याने खोगिराचे काम करणाऱ्यांकडून चामड्याचा पट्टा करून घेतला. वैमानिक त्या काळी उघड्यावर बसत, त्यामुळे पट्टा कशासाठी हे त्यांना कोणी समजावण्याची गरज नव्हती.

पहिल्या महायुद्धाच्या काळात ह्यू डीहेवन हा तरुण रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये प्रशिक्षण घेत असताना विमान अपघातात जबर जखमी झाला. वाचल्यावर त्याच्या लक्षात आले की पोटातील गंभीर इजा पट्ट्याच्या अणकुचीदार बकलामुळे झाल्या होत्या. वाचवणारे साधनच वाईट आकाराचे असेल तर जीवघेणे ठरते, हा विचार त्याने पुढे आयुष्यभर सोडला नाही. १९४२ मध्ये त्याने ५० ते १५० फुटांवरून पडूनही जिवंत राहिलेल्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून निघणारा अर्थ असा, की मृत्यू केवळ वेगामुळे येत नाही. थांबण्यासाठी किती अंतर मिळाले आणि आघात शरीराच्या कोणत्या भागावर पसरला, यावर जगणे-मरणे ठरते. नाजूक माल खोक्यात जसा बांधतात तशी माणसे वाहनात बसवली पाहिजेत, असे तो मांडत असे. कॉर्नेल विद्यापीठात त्याने चालवलेल्या संशोधनाने मोटार अपघाताकडे 'दैवाचा खेळ' म्हणून न पाहता मोजता येणारी घटना म्हणून पाहण्याची सवय लावली.

मग आला कर्नल जॉन पॉल स्टॅप. अमेरिकन हवाई दलाचा हा डॉक्टर प्रयोगासाठी स्वतःच पट्ट्यांनी बांधून घेऊन रॉकेटवर चालणाऱ्या गाड्यावर बसत असे. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोतील हॉलोमन तळावर त्याचा गाडा ताशी १,००० किलोमीटरच्या पुढे गेला आणि अवघ्या १.४ सेकंदांत थांबला. गुरुत्वाकर्षणाच्या ४६ पटींहून अधिक बल त्याने सोसले. डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटून काही काळ त्याला दिसेनासे झाले, पण तो जगला. नीट बांधलेले मानवी शरीर किती सहन करू शकते याचा एवढा जिवंत पुरावा दुसरा नव्हता. हवाई दलाचे लोक विमानांपेक्षा मोटारींत अधिक मरत आहेत, हेही त्यानेच वरिष्ठांच्या निदर्शनास आणून दिले.

मोटारींत तोवर जो पट्टा होता तो केवळ कमरेचा, दोन टोकांचा. अमेरिकेत नॅश कंपनीने १९४९ च्या सुमारास तो देऊ केला, पण ग्राहकांनी फारसा वापरला नाही. फोर्डने १९५६ च्या मोटारींची जाहिरातच सुरक्षिततेच्या जोरावर केली. त्या वर्षी विक्रीत शेव्हरोले पुढे राहिली आणि सुरक्षितता विकली जात नाही, हा समज उद्योगात पक्का झाला. शिवाय कमरेच्या पट्ट्यात दोषही होता. धडकेत शरीर कमरेतून दुमडत असे, डोके पुढे आदळे आणि पट्टा मऊ पोटात रुते. आतडी फाटणे व मणका मोडणे अशा विशिष्ट इजांना वैद्यकशास्त्राने १९६० च्या दशकात 'सीटबेल्ट सिंड्रोम' असे नाव दिले.

या टप्प्यावर निल्स बोलिन येतो. जन्म १९२०. हा स्वीडिश अभियंता साब कंपनीत लढाऊ विमानांची, वैमानिकाला बाहेर फेकणारी आसने घडवत होता. १९५८ मध्ये व्हॉल्वोने त्याला सुरक्षा अभियंता म्हणून बोलावले. वैमानिक चार-पाच पट्टे निमूटपणे चढवून घेतो, पण मोटारीतला सामान्य माणूस एक मिनिटाचीही गैरसोय खपवून घेत नाही, हे त्याने पहिल्यापासून ओळखले होते.

तीन टोकांचा पट्टा बोलिनच्या आधीही होता. डीहेवन आणि रॉजर ग्रिसवोल्ड यांच्या नावावर १९५५ चे पेटंट आहे, पण त्यात बक्कल पोटावर येई. बोलिनने पट्टा एकसंध ठेवला आणि कमरेचा व छातीचा असे दोन्ही भाग आसनाच्या बाजूला, खाली एकाच बिंदूपाशी आणून जोडले. त्यामुळे पट्ट्याचा आकार आडव्या 'व्ही' अक्षरासारखा झाला. आघात पोटावर न पडता ओटीपोटाच्या हाडांवर आणि छातीच्या पिंजऱ्यावर, म्हणजे शरीराच्या बळकट भागांवर विभागला जाऊ लागला. आणि हे सारे एका हाताने, एका हालचालीत, न पाहता लावता येत होते. बोलिनचे मोठेपण या शेवटच्या गोष्टीत अधिक आहे.

अमेरिकेत त्याचे पेटंट १९६२ मध्ये मंजूर झाले. व्हॉल्वोने ते इतर कंपन्यांना वापरण्यास खुले ठेवले. पुढे १९६७ मध्ये बोलिनने स्वीडनमधील २८,००० अपघातांची नोंद तपासून निष्कर्ष मांडला. पट्टा न लावलेली माणसे ताशी २० किलोमीटरइतक्या कमी वेगातही दगावली होती. तीन टोकांचा पट्टा लावलेल्यांपैकी ताशी ९६ किलोमीटरखालच्या धडकेत एकही मृत्यू नोंदला गेला नव्हता.

पुरावा समोर असूनही लोक बधले नाहीत. तेव्हा कायदे आले. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १९६९ मध्ये रस्त्यांवर १,०३४ माणसे मेली होती. मेलबर्नच्या 'द सन' वृत्तपत्राने तो आकडाच मोहिमेचे घोषवाक्य केला आणि २२ डिसेंबर १९७० पासून त्या राज्याने पट्टा लावणे सक्तीचे केले. सर्वसामान्य मोटारस्वारांवर अशी सक्ती करणारे ते जगातील पहिले राज्य. खुद्द स्वीडनने ती १९७५ मध्ये केली.

अमेरिकेने वेगळी वाट धरली आणि ती फसली. १९७४ च्या नव्या मोटारी पुढच्यांनी पट्टा लावल्याशिवाय सुरूच होत नसत. शेजारच्या आसनावर किराणा सामानाची पिशवी ठेवली तरी यंत्रणेला तो माणूस वाटे आणि मोटार हटून बसे. लोकक्षोभ असा उसळला की त्याच वर्षी काँग्रेसने ही सक्ती रद्द केली. एवढ्यावर न थांबता, सरकारी नियमाने मागितलेला इशाऱ्याचा आवाज आठ सेकंदांहून अधिक वेळ असू नये, असेही कायद्यात लिहिले. पट्टा वापरण्याचा कायदा तिथे न्यूयॉर्क राज्याने प्रथम केला, तोही १९८४ मध्ये.

ब्रिटनमध्ये वाद अधिक बुद्धिनिष्ठ झाला. भूगोलतज्ज्ञ जॉन अ‍ॅडम्स यांचे म्हणणे असे, की पट्ट्याने सुरक्षित वाटणारा चालक अधिक बेधडक चालवतो आणि धोका पादचारी व सायकलस्वारांवर ढकलला जातो. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तरीही ३१ जानेवारी १९८३ पासून पुढच्या आसनांवर सक्ती झाली आणि पट्टा वापरणाऱ्यांचे प्रमाण जवळजवळ लगेच नव्वद टक्क्यांच्या पुढे गेले. मागे बसणाऱ्या प्रौढांसाठी मात्र १९९१ उजाडावे लागले.

मागचे आसन हा या इतिहासातला उपेक्षित कोपरा. मागे बसणारा स्वतःला पुढच्या आसनाआड सुरक्षित समजतो. २००२ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी अभ्यासात एक लाखाहून अधिक मोटारी तपासल्या गेल्या. मागच्यांनी पट्टा लावला नसेल तर पुढे पट्टा लावून बसलेल्यांच्या मृत्यूचा धोका जवळजवळ पाचपट होतो, असे त्यात दिसले. मागचे शरीर धडकेत पुढच्यावर जाऊन आदळते. पट्टा न लावणे ही केवळ स्वतःपुरती निवड असल्याचा युक्तिवाद इथे कोसळतो.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १३८(३) समोर तोंड असलेल्या मागच्या आसनांनाही लागू आहे. हे अनेकांच्या गावीही नव्हते. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते मोटारीत मागे बसले होते. पट्टा असता तर ते वाचले असते, असे तत्कालीन आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी जाहीरपणे म्हटले. चर्चा झाली आणि विरली. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्यावर आदळली. पुढचे दोघे जखमी होऊन वाचले. मागचे दोघे गेले, आणि त्यांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबई पोलिसांनी सर्व प्रवाशांसाठी पट्ट्याची अंमलबजावणी जाहीर केली. त्या एका वर्षात देशात पट्टा न लावलेल्या १६,७१५ जणांच्या मृत्यूची नोंद केंद्रीय वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात आहे. त्यांतले जवळजवळ निम्मे चालक नव्हते, प्रवासी होते.

पट्ट्याची निगा हा विषय तर इतिहासकारांनीही सोडून दिलेला. अपघातात पट्टा थोडा ताणला जातो आणि त्या ताणण्यातच तो शरीराचा काही आघात पचवतो. म्हणून मोठ्या धडकेत कामी आलेला पट्टा बदलावाच लागतो, दिसायला तो कितीही धड असो. जुनी मोटार घेताना गादी आणि रंग तपासणारे पट्टा पूर्ण बाहेर ओढून त्याच्या कडा विसविशीत झाल्या आहेत का, हे क्वचितच पाहतात. झटका दिल्यावर तो जागच्या जागी अडकला पाहिजे, सोडल्यावर सुरळीत आत गेला पाहिजे. मळला तर सौम्य साबणाचे पाणी पुरते. ब्लीचने किंवा रंगवल्याने धागा कमकुवत होतो. पीळ पडलेला पट्टा धडकेत दोरीसारखा कापतो, आणि काखेखालून घेतलेला पट्टा भार बरगड्यांच्या दुबळ्या भागावर टाकतो. बोलिनची सगळी भूमिती तिथे वाया जाते.

१ जुलै २०१९ पासून भारतातील नव्या मोटारींत पुढच्या दोन्ही आसनांसाठी इशारा देणारा आवाज अनिवार्य झाला. अमेरिकेत १९७४ साली त्याच आवाजाविरुद्ध संसद हलली होती. इथे बाजार हलला. तो आवाज गप्प करण्यासाठी बकलात खुपसायच्या लोखंडी क्लिपा ऑनलाइन विक्रीला आल्या. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच संकेतस्थळांना त्या काढून टाकण्याचा आदेश दिला आणि १३,११८ जाहिराती उतरवल्या गेल्या. त्यांतल्या काही क्लिपा बाटली उघडण्याचे साधन म्हणून विकल्या जात होत्या.