घरच्या मापाची विद्या

पाकक्रिया, विणकाम, केक-बिस्किटें अशा घरगुती विषयांवर नवीं पुस्तकें नित्य निघत असतात. त्यांतील कोणतें घरांत आणावें? या प्रश्नाचें एक उत्तर येरवड्याच्या तुरुंगांत सांपडतें.

चरखा ही मूळची घरचीच वस्तु. पण त्याचें मोठें चाक फार जागा अडवी, आणि प्रवासांत तर तो नेणेंच कठीण. 1930 सालीं येरवड्यास बंदिवासांत असतां गांधीजींनीं या अडचणीवर प्रयोग केले. एका मोठ्या चाकाऐवजीं लहानमोठीं दोन चाकें दोरीनें जोडलीं, म्हणजे थोड्या जागेंतही चातीस पुरेसा वेग मिळतो. या युक्तीनें चरखा पेटींत मावला. हेंच ‘येरवडा चक्र’.

पाकशास्त्राच्या ग्रंथांचेंही असेंच झालें. 1910 सालीं लक्ष्मीबाई धुरंधर यांनीं ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ या ग्रंथानें सासूच्या तोंडची विद्या छापील पानावर आणली. पुढें 1970 सालीं कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’नें ती वाटी-चमच्याच्या मापांत बसविली, आणि घरीं तराजू नसलेल्या नवख्या सुनेचीही भीति गेली.

म्हणून नवें पुस्तक घेतांना चित्रांस भुलूं नये. केकच्या कृतींत भट्टीची उष्णता, भांड्याचा आकार आणि लागणारा वेळ स्पष्ट सांगितला आहे काय, आपल्या घरचीं साधनें त्यास पुरतील काय, एवढें पाहावें. विद्या घरांत मावली, तरच ती घरची होते.