तळटीप : दुर्गादेवीचा दुष्काळ

* ग्रंथकारांनी येथे ज्याचा ओझरता निर्देश केला आहे तो दख्खनमधील दुर्गादेवीचा दुष्काळ इ. स. १३९६ पासून सुमारे बारा वर्षे चालला, अशी परंपरा आहे. परंतु हिंदुस्थान सरकारचे हवामानखातेच मुळी १८७५ चे, तेव्हा त्यापूर्वीच्या इतक्या दूरच्या पावसाची साक्ष सरकारी दप्तराबाहेरच शोधणे प्राप्त आहे. ती बस्तरमधील कांगेर खोऱ्यातल्या दंडक गुहेत मिळते. छतावरून ठिबकणाऱ्या पाण्यातील चुना थरावर थर बसून जे स्तंभ तेथे वाढतात, त्यांच्या थराथरांत तत्कालीन पावसातील ऑक्सिजन कोंडलेला असतो. मोसमी पाऊस भरघोस झाला म्हणजे त्यातील जड ऑक्सिजनचे प्रमाण सामान्यतः घटते, पावसाने ओढ दिली की वाढते. थराचे वय ठरविण्याची युक्ती तर विशेष मनोज्ञ आहे : युरेनियम पाण्यात विरघळते, थोरियम जवळजवळ नाहीच, म्हणून ताज्या थरात युरेनियम तेवढे शिरते, आणि पुढे आढळणारे थोरियम बहुतांशी त्याच्याच ऱ्हासातून उपजलेले असल्यामुळे दोहोंच्या प्रमाणावरून कालनिर्णय करता येतो. या गुहेविषयी २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात चौदाव्या शतकात मोसमी पाऊस वर्षानुवर्षे क्षीण राहिल्याचे दिसते. बस्तर म्हणजे दख्खन नव्हे, आणि तारखांतही काही वर्षांची तफावत संभवते. सबब त्या स्तंभाकडे १३९६ चा पंचनामा मागू नये. मात्र इतके प्रदीर्घ अवर्षण पर्जन्यमापकांच्या गेल्या दीडशे वर्षांच्या नोंदींत कोठेही आढळत नाही. — संपादक