विंडोज अपडेट झालं अन् थंब मशीन बंद पडलं? नवीन मशीन घेण्याआधी ड्रायव्हर तपासा

सेवा केंद्रावर काल संध्याकाळपर्यंत थंब मशीन व्यवस्थित चालत होतं. रात्री कॉम्प्युटर बंद करताना ‘अपडेट अँड शट डाउन’ दाबलं गेलं आणि सकाळी मशीनचा लाइटच लागेना. किंवा लाइट लागतो, पण पडद्यावर ‘डिव्हाइस नॉट रेडी’ येतं. मग रांगेतल्या आजीला सांगितलं जातं, सर्व्हर डाउन आहे, नाहीतर तुमचा अंगठाच झिजलाय. एसटीचं भाडं खर्चून आलेलं माणूस तसंच परत जातं आणि केंद्रचालक नवीन मशीनची ऑर्डर टाकतो. बऱ्याच वेळा दोन्हीची गरज नसते. मशीन चांगलं असतं, अंगठाही चांगला असतो. बिघडलेला असतो तो विंडोज आणि ड्रायव्हर यांचा मेळ.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे आपले सरकार सेवा केंद्र, सीएससी, बँक मित्र, झेरॉक्सची दुकानं अशा ठिकाणचे बरेच कॉम्प्युटर विंडोज ११ वर न्यावे लागत आहेत आणि ही तक्रार नेमकी तेव्हाच येते.

मेळ बिघडतो म्हणजे काय होतं?

ड्रायव्हर म्हणजे मशीन आणि विंडोज यांच्यामधला दुभाषी. ट्रॅक्टर बदलला की जुन्या नांगराची पिन कधी कधी बसत नाही. नांगर मोडलेला नसतो, पण काम थांबतं. इथंही तसंच आहे. फक्त थंब मशीनच्या बाबतीत एक नाही, तीन गोष्टी जुळाव्या लागतात: विंडोज, कंपनीचा ड्रायव्हर आणि त्यावर चालणारी आरडी सर्व्हिस. ठसा घेऊन तो आधारसाठी कुलूपबंद करून पुढं पाठवायचं काम आरडी सर्व्हिस करते. ड्रायव्हर नवा आणि आरडी सर्व्हिस दोन वर्षांपूर्वीची, किंवा याच्या उलट, अशी जोडी झाली की मशीन कॉम्प्युटरला दिसतं, पण पोर्टलला दिसत नाही.

अपडेटमध्ये हे तीन-चार प्रकारे घडतं. विंडोज स्वतःहून ‘नवीन तारखेचा’ ड्रायव्हर शोधून कंपनीच्या ड्रायव्हरवर बसवतं. दुसरा प्रकार ३२ बिटचा. विंडोज ११ ही फक्त ६४ बिटमध्ये येते, म्हणून जुन्या कॉम्प्युटरवरचा ३२ बिटचा ड्रायव्हर तिच्यावर चालूच शकत नाही, कितीही वेळा इन्स्टॉल करा. तिसरं कारण सुरक्षेचं. विंडोज ११ मध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाची सोय असते, नव्या इन्स्टॉलमध्ये ती बहुतेक वेळा चालूच असते आणि जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर ती अडवते. कधी कधी मायक्रोसॉफ्टच जुना ड्रायव्हर काढून टाकतं. ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटमध्ये एका जुन्या फॅक्स मोडेमचा ड्रायव्हर असाच काढला गेला आणि त्यावर चालणारे मोडेम बंद पडले.

अपडेटचीच चूक असणं हेही नवीन नाही. जानेवारी २०२५ च्या अखेरीस आलेल्या एका अपडेटनंतर काही यूएसबी प्रिंटर आपोआप भलतीच अक्षरं छापू लागले होते. मार्च २०२१ मध्ये तर काही कंपन्यांच्या प्रिंटरवर प्रिंट दिली की कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बंद व्हायचा. दोन्ही वेळा प्रिंटरमध्ये काहीच दोष नव्हता.

पहिलं काम: रीस्टार्ट, शट डाउन नव्हे

हे साधं वाटतं, पण इथंच निम्मी माणसं चुकतात. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, झोपवून ठेवला जातो. सकाळी तोच उठतो. म्हणजे फायली नव्या आणि मेमरीत ड्रायव्हर जुना अशी स्थिती राहू शकते. स्टार्ट मेनूतून ‘रीस्टार्ट’ दाबलं तरच सगळं नव्यानं लोड होतं. आधी थंब मशीनची वायर काढा, रीस्टार्ट करा, मग वायर थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला लावा. मध्ये यूएसबी हब नको. पोर्ट बदलूनही बघा.

त्याच वेळी खाली कोपऱ्यातलं घड्याळ बघा. जुन्या कॉम्प्युटरची आतली बॅटरी संपलेली असेल तर तारीख मागं जाते. आधारला पाठवलेल्या ठशावर वेळ नोंदलेली असते. ती फार जुनी किंवा पुढची निघाली तर ठसा नाकारला जातो. ड्रायव्हर शोधण्यात दिवस घालवायचा आणि चूक तारखेची निघायची, असं नको.

मग डिव्हाइस मॅनेजर उघडा

स्टार्ट बटणावर राइट क्लिक केलं की यादीत डिव्हाइस मॅनेजर दिसतं. थंब मशीन कोणत्या गटात आहे हे कळत नसेल तर वायर काढून परत लावा, जी ओळ गायब होऊन परत येते ती आपली. त्या ओळीवर पिवळं उद्गारचिन्ह असेल तर दोनदा क्लिक करा. आत एक कोड लिहिलेला असतो. तो मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही. हा सगळ्यात सोपा. कोड १० म्हणजे मशीन सुरू होऊ शकलं नाही, कोड ३९ म्हणजे ड्रायव्हरची फाइल खराब किंवा गहाळ. या दोन्हींत ड्रायव्हर काढून नव्यानं बसवावा लागतो. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही विंडोजला पटली नाही. हा बहुतेक जुन्या ड्रायव्हरला येतो. कोड ४३ आला तर मात्र वायर, पोर्ट आणि खुद्द मशीन यांच्याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. तेच मशीन दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. तिथंही तेच आलं तर मशीन दुरुस्तीला टाका.

अपडेटच्या आधी सगळं चालत होतं आणि विंडोजनं ड्रायव्हर बदललाय अशी शंका असेल, तर त्याच खिडकीत ‘ड्रायव्हर’ या भागात तारीख आणि आवृत्ती दिसते. तिथंच ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण आहे. ते दाबलं की आधीचा ड्रायव्हर परत येतो. बटण फिकट दिसत असेल तर आधीचा ड्रायव्हर जपलेला नाही, नव्यानंच बसवायला लागेल.

बसवण्याआधी जुनं पूर्ण काढा. आरडी सर्व्हिस सेटिंगमधल्या अॅपच्या यादीतून अनइन्स्टॉल करा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करताना ड्रायव्हर काढून टाकण्याची जी चौकट येते तिच्यावर टिक करा. ती टिक राहिली तर विंडोज तोच जुना ड्रायव्हर परत बसवतं आणि माणूस म्हणतो, तीनदा केलं, काही उपयोग नाही. त्यानंतर रीस्टार्ट. आधी ड्रायव्हर, मग मशीन जोडणं, मग आरडी सर्व्हिस हा साधारण क्रम. कंपनीनं वेगळा सांगितला असेल तर तो पाळा.

दोन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच ठिकाणाहून, म्हणजे मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. पेन ड्राइव्हमध्ये पडून असलेला जुना सेटअप इथं कामाचा नाही.

ड्रायव्हर ठीक, तरी पोर्टल म्हणतं मशीन नाही

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह नाही, तरी पोर्टलवर मशीन सापडत नसेल, तर अडचण वरच्या थरात आहे. स्टार्टच्या शोधात ‘सर्व्हिसेस’ शोधून यादीत आरडी सर्व्हिस ‘रनिंग’ आहे का बघा. नसेल तर सुरू करा आणि तिचा प्रकार ‘ऑटोमॅटिक’ ठेवा. पोर्टल आरडी सर्व्हिसशी कॉम्प्युटरच्या आतल्या आत, ११,१०० ते ११,१२० या क्रमांकांच्या पोर्टवरून बोलतं. अँटिव्हायरसनं हा रस्ता बंद केला तर मशीन असूनही नसल्यासारखं.

ब्राउझरचीही एक नवी अडचण आहे आणि ती ड्रायव्हरच्या माथी मारली जाते. क्रोमच्या १४२ व्या आवृत्तीपासून एखादी साइट कॉम्प्युटरच्या आतल्या सर्व्हिसशी बोलू लागली की ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी विचारली जाते. घाईत ‘ब्लॉक’ दाबलं गेलं तर पुढं मशीन दिसतच नाही. पत्त्याच्या पट्टीच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून सरकारी पोर्टलला ती परवानगी परत देता येते.

आरडी सर्व्हिसचे कोडही लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ७०० म्हणजे ठसा घ्यायची वेळ संपली, ७१० म्हणजे दुसरा प्रोग्रॅम मशीन वापरतोय, ७२० म्हणजे मशीन तयार नाही, ७४० म्हणजे मशीन परत सुरू करायला हवं. ड्रायव्हरची शंका घ्यायची ती ७२० वारंवार येत असेल तर. ७०० आला तर बोट नीट ठेवलं नाही इतकंच.

मशीन खरंच बदलावं लागतं ते एका वेगळ्या कारणानं. आधारसाठी आधी एल झिरो प्रकारची मशीनं होती, मंत्राचं एमएफएस १०० हे त्यातलं. आता एल वन प्रकार लागतो, त्याच कंपनीचं एमएफएस ११० तसं आहे. एल वनमध्ये ठसा मशीनच्या आतच कुलूपबंद होतो. एल झिरो मशीन असेल तर ड्रायव्हर जुळवून फार काही हाती लागणार नाही.

हे उद्योग करू नका

यूट्यूबवर ‘ड्रायव्हरची सही तपासणं बंद करा’ असा उपाय सांगतात. तो पुढच्या रीस्टार्टपर्यंतच टिकतो. मेमरी इंटिग्रिटी कायमची बंद करणं त्याहून वाईट. ज्या कॉम्प्युटरवरून गावाचे आधार नंबर आणि ठसे जातात, त्याचं दार उघडं ठेवायचं नाही. नवा ड्रायव्हर मिळत नसेल तर दहा दिवसांच्या आत विंडोज मागं नेणं बरं. मोठ्या अपग्रेडनंतर सेटिंग, सिस्टीम, रिकव्हरी इथं ‘गो बॅक’ दहा दिवस उपलब्ध असतं. फायली राहतात, पण अपग्रेडनंतर बसवलेले प्रोग्रॅम जातात. त्या दहा दिवसांत डिस्क साफ करणारं कुठलंही अॅप चालवू नका, जुनी विंडोज त्यातच पुसली जाते.

‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणारी अॅप्स टाळा. फोन करून स्क्रीन शेअर करायला लावणारा ‘कंपनीचा इंजिनिअर’ आला तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा.

मोबाइलवर थंब मशीन लावत असाल तर

मोबाइलवर केंद्रचालकाला वेगळा ड्रायव्हर टाकावा लागत नाही, आरडी सर्व्हिसचं अॅपच लागतं. अँड्रॉइड अपडेटनंतर ते प्ले स्टोअरवरून अपडेट करा, मशीन जोडल्यावर येणारी यूएसबीची परवानगी द्या. काही फोनमध्ये ओटीजी थोडा वेळ वापरलं नाही की आपोआप बंद होतं, ते सेटिंगमधून परत चालू करावं लागतं. व्हॉट्सअॅपवर फिरणारी जुनी एपीके टाकू नका. कॉम्प्युटरसारखं अँड्रॉइड मागं नेता येत नाही, म्हणून ज्या फोनवर व्यवहार चालतात त्याचं मोठं अपडेट अॅप तयार आहे याची खात्री झाल्यावरच घ्या.

रांगेत उभ्या माणसासाठी

तुमच्याआधीच्या दोघा-तिघांचा अंगठा लागला आणि तुमचाच लागत नसेल तर बोट धुऊन, पुसून दुसरं बोट लावून बघा, आधारला दहाही बोटं चालतात. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलेलं असेल तरी ठसा लागणार नाही. पण कुणाचाच लागत नसेल तर दोष मशीनचा आहे. अशा वेळी पैसे काढायच्या व्यवहारात ‘परत लावा, परत लावा’ म्हणून अंगठा देत राहू नका. प्रत्येक वेळी पावती मागा, बँकेचा मेसेज बघा. पीएम किसानची ई-केवायसी ओटीपीनं किंवा अॅपवर चेहरा दाखवून होते. पेन्शनचा जीवन प्रमाण दाखलाही चेहऱ्यावरून मोबाइलवर काढता येतो, त्यासाठी थंब मशीन लागत नाही.

केंद्रचालकांसाठी वेळेचं गणित एवढंच. विंडोज ११ मध्ये अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. नोव्हेंबरात पेन्शनरांची गर्दी असते, त्याआधीच्या एखाद्या शनिवारी संध्याकाळी अपडेट करून रविवारी मशीन तपासून घ्यावं. अपडेटच्या आधी डिव्हाइस मॅनेजरमधली ड्रायव्हरची आवृत्ती आणि आरडी सर्व्हिसची आवृत्ती वहीत लिहून ठेवा. थांबवलेली मुदत संपली की विंडोज आधी साचलेलं अपडेट घेतंच, त्यानंतरच पुन्हा थांबवता येतं.