साल १७८०, टांकसाळ मुंबई?

मस्कतच्या मतरा बाजारात जुन्या चांदीच्या दुकानांतून एक नाणे हमखास दिसते. हातात घेतले की जड लागते, वजन सुमारे २८ ग्रॅम. एका बाजूला, डोक्यावरून पदर घ्यावा तसे विधवेचे वस्त्र घेतलेली एक भरदार स्त्री. दुसऱ्या बाजूला दोन डोक्यांचा गरुड आणि साल १७८०. ऑफिसच्या कामासाठी तिकडे गेले असताना मी असे एक नाणे घेतले. दुकानदार कच्छी होता. "बहनजी, ढाई सौ साल पुराना है," असे तो म्हणाला खरा, पण ते त्याने तागडीत टाकले आणि चांदीच्या भावाहून थोडे वर घेऊन दिले. नाणे इतके जुने असते तर तागडीची गरज नव्हती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

ही स्त्री म्हणजे ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा. ती १७८० मध्येच वारली. तिचे हे चांदीचे नाणे, थालर, त्याआधीच तांबड्या समुद्राच्या बाजूला पोचले होते. येमेनची कॉफी घ्यायची तर व्यापारी हेच नाणे मागत. राणी गेली तरी मागणी थांबेना, म्हणून टांकसाळीने तोच चेहरा आणि तेच साल कायम ठेवून नाणी पाडणे सुरू ठेवले. अरबस्तान आणि इथिओपियात ते विसाव्या शतकातही चालत होते.

एवढा विश्वास का? नाण्याच्या कडेवर उठावाची अक्षरे आहेत, 'न्याय आणि दया' हे राणीचे ब्रीद. कड कातरून चांदी चोरली तर लगेच कळे. चांदीचा कसही बदलला नाही. गिऱ्हाईक राणीच्या पदकावरचे मोती मोजून घेई आणि नक्षीत जरा फरक दिसला तर नाणे परत करी. आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणतो, चालू असलेल्या गोष्टीला हात लावू नका. टांकसाळीने तेच केले.

याचे नवल वाटायला नको. आपल्याकडेही हेच झाले. पेशवाईतला अंकुशी रुपया दिल्लीच्या बादशहाच्या नावाने पडत होता. ईस्ट इंडिया कंपनीने तर बंगालच्या रुपयावर शाह आलमच्या राज्यारोहणाचे १९ वे वर्ष गोठवून टाकले आणि तेच कित्येक दशके छापले. कंपनीने राजाचा चेहरा असलेला एकसारखा रुपया काढला तो १८३५ मध्ये. लोकांनी ज्यावर विश्वास ठेवला, ते नाव बदलण्याची हिंमत सत्ताधाऱ्यांनाही लवकर होत नसे.

पण या नाण्याची पुढची गोष्ट एवढी निरागस नाही. १९३५ मध्ये मुसोलिनीला इथिओपिया जिंकायचा होता आणि तिथे थालर चाले. त्याने ऑस्ट्रियाकडून ठसे मिळवले आणि रोममध्ये नाणी पाडायला सुरुवात केली. मग लंडननेही आपल्या टांकसाळीत तीच नाणी पाडली. दुसरे महायुद्ध पेटल्यावर ब्रिटिशांना आफ्रिकेतल्या मोहिमेसाठी थालर हवे झाले, तेव्हा काम आले आपल्या मुंबईच्या टांकसाळीकडे. १९४० आणि १९४१ मध्ये तिथे जवळजवळ १ कोटी ९० लाख थालर पडले. एकाच राणीच्या चेहऱ्याचे, एकाच सालाचे नाणे आधी देश जिंकायला वापरले आणि मग तोच देश सोडवायला. आणि त्यातली कितीतरी नाणी फोर्टातल्या कामगारांच्या हातून गेलेली.

ओमानचे आणि आपले नाते इथेच संपत नाही. तिथे आपलाच रुपया चालत असे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. ओमानने स्वतःचे रियाल आणले ते १९७० मध्ये, तोवर या नोटा आणि थालर शेजारी शेजारी नांदले. कितीतरी थालर सोनारांनी वितळवून नववधूंचे दागिने घडवले. आपल्या पुतळ्यांच्या माळेतली पुतळीही मुळात व्हेनिसचे सोन्याचे नाणे, हे इथे आठवते.

आपल्या वर्गात इतिहास म्हणजे सनावळी होती. ती पाठ केली म्हणून १७८० पाहून मी थबकले, हे कबूल. पण हे साल खरेही नाही आणि खोटेही नाही. ते फक्त 'मी तेच नाणे आहे' एवढे सांगते. ते कुठे पडले, कोणी पाडले, कशासाठी, हे विचारायचे आपल्याकडेच राहते.

माझे नाणे व्हिएन्नाचे की मुंबईचे, हे गरुडाच्या शेपटीतल्या पिसांसारख्या बारीक खुणांवरून जाणकार ओळखतात. मेळाव्याला ते बरोबर आणणार आहे. इतिहासाच्या बाईंनी आणि ज्यांची नजर अजून शाबूत आहे अशा मित्रमैत्रिणींनी ते जरूर हातात घेऊन पाहावे. भिंगही आणते.