दोन बंदरे आणि परके भांडवल

परकीय भांडवल एखाद्या प्रदेशाकडे का वळते, याचे पाठ्यपुस्तकी उत्तर ठरलेले आहे : कच्चा माल, स्वस्त मजूर, सोयीचे बंदर. एकोणिसाव्या शतकातील कलकत्ता आणि मुंबई शेजारी ठेवून पाहिली की हे उत्तर आम्हांस अपुरे वाटू लागते. तिन्ही गोष्टी दोन्हीकडे होत्या. तरीही 1855 साली हुगळीकाठी रिश्रा येथे तागाची पहिली गिरणी काढली ती जॉर्ज ॲकलंड या इंग्रजाने. आणि मुंबईत 1854 साली कापडगिरणीची कंपनी उभी केली ती कावसजी नानाभाई दावर या पारशी व्यापाऱ्याने. पुढे कित्येक दशके ताग आणि चहा ही मुख्यतः इंग्रज-स्कॉटिश मॅनेजिंग एजन्सींची मिरास राहिली. मुंबईच्या गिरण्यांत मात्र पारशी, भाटिया, गुजराती पैसाच प्रामुख्याने खेळत होता.

या भेदाचे मूळ आम्हांस सत्तेच्या तारखांत दिसते. बंगालची दिवाणी कंपनीकडे 1765 मध्येच गेली. पेशवाई बुडाली 1818 मध्ये. मधल्या अर्धशतकात पश्चिमेकडील व्यापाराची सूत्रे देशी पेढ्यांच्या हातून सुटली नाहीत. माळव्याची अफू संस्थानी मुलखात पिके, त्यामुळे तिच्यावर बंगालसारखी मक्तेदारी कंपनीला बसवता आली नाही. ती चीनला धाडून जमशेटजी जीजीभाईंसारख्यांनी अफाट संपत्ती मिळवली. (देशी उद्यमशीलतेची गौरवगाथा लिहिणारे हे पान सहसा घाईने उलटतात.) गिरण्यांचे युग आले तेव्हा मुंबईत भांडवल आधीच जमलेले होते, परक्याला रिकामी जागा फारशी उरली नव्हती.

कलकत्त्यात बँक, एजन्सी, अधिकारी आणि क्लब हे एकाच गोऱ्या समाजाचे अवयव होते. कर्ज आणि जमीन तेथे ओळखीने मिळे. स्वस्त मजूरही निसर्गदत्त नव्हता : 1859 च्या कायद्याने करार मोडणारा मजूर फौजदारी शिक्षेस पात्र ठरला, आणि आसामच्या चहामळ्यांत त्या कायद्याचा सर्रास वापर झाला.

रेल्वेची गोष्ट निराळी. 1849 च्या करारांनी कलकत्ता व मुंबई या दोन्हींकडील कंपन्यांना सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिली, आणि लंडनचा पैसा दोन्ही किनाऱ्यांवर सारख्याच निश्चिंतपणे उतरला. नफा हमीपेक्षा कमी पडला तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरली जाई.