स्क्रूची साक्ष
लंडनच्या हेन्री मॉडस्लेने १८००च्या सुमारास आटे पाडणारा लेथ सिद्ध केला. त्याच्या मायक्रोमीटरला ‘लॉर्ड चॅन्सेलर’ म्हणत, कारण कारखान्यातील मापाच्या वादांवर त्याचाच निवाडा अंतिम असे. पुढे दीडशे वर्षे लेथवर स्क्रूच हत्यार सरकवी आणि स्क्रूच अंतर सांगे. कर्ताच साक्षीदार! आटे झिजले, की साक्ष बिघडे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डिजिटल रीडआउटने ही दोन कामे वेगळी केली. त्याची पट्टी सरकत्या भागाचे स्थान थेट मोजते. आज ती हौशी कारागिराच्या छोट्या लेथवरही दिसते. मात्र हत्याराची झीज वा कामाचे वाकणे तिला कळत नाही. म्हणून पडद्यावरचा आकडा हा पुरावा आहे. निवाडा अद्याप मायक्रोमीटरचाच, असे आम्हांस वाटते.