कुटचा वेढा आणि 'क' जीवनसत्त्वाची गोळी

किनवटात पाऊल ठेवताच एका गृहस्थांनी आम्हाला विचारलं, "सर, 'क' जीवनसत्त्वाची गोळी रोज घ्यावी का?" आम्ही डॉक्टर आहोत, पण तत्त्वज्ञानातले; नाडी धरण्याचा अधिकार आमचा नाही. म्हणून उत्तर इतिहासात शोधू.

आजच्या इराकमध्ये टायग्रिस नदीच्या वळणावर कुट-अल-अमारा हे गाव आहे. पहिल्या महायुद्धात, 7 डिसेंबर 1915 रोजी, तुर्की फौजेने त्याला वेढा घातला. आत अडकली होती जनरल टाउनशेंड यांची सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. भाजीपाला संपला. गोरे शिपाई घोड्याचं मांस खाऊ लागले. ताज्या मांसात थोडं का होईना 'क' जीवनसत्त्व असतं. बहुतेक हिंदी शिपायांनी मात्र ते कित्येक आठवडे नाकारलं. धर्माची आडकाठी होतीच, शिवाय गावी कळलं तर जात वाळीत टाकील ही धास्ती. परिणाम काय झाला? हिरड्या सुजल्या, रक्त येऊ लागलं, अंगातलं त्राण गेलं. हाच स्कर्व्ही. उलट गोऱ्यांना पांढऱ्या पिठामुळे बेरीबेरी झाला. त्यापासून आपल्या शिपायांना आटा-डाळीने वाचवलं. 29 एप्रिल 1916 रोजी कुट पडलं.

आता गंमत पहा. लिंबू-संत्र्याने स्कर्व्ही बरा होतो, हे जेम्स लिंड यांनी 1747 मध्येच 'सॅलिसबरी' जहाजावरच्या 12 खलाशांवर प्रयोग करून दाखवलं होतं. महायुद्धाच्या काळात लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम यांना आणखी एक गोष्ट दिसली. कोरड्या कडधान्यात स्कर्व्ही रोखण्याची शक्ती नसते; ते भिजवून मोड आणले की ती येते. म्हणजे आपल्या घरची मोडाची मटकी! शिपायांच्या शिध्यात डाळ होती हो, पण फोडलेल्या डाळीला मोड कुठून येणार?

इथे आमचा विषय येतो. नंतरच्या वैशेषिकांनी 'अभाव' हा सातवा पदार्थ मानला. जे नाही, तेही ज्ञानाचा विषय होतं. स्कर्व्ही हा अभावाचा रोग. अभाव भरला की रोग जातो. पण म्हणून दुप्पट भरल्याने आरोग्य दुप्पट होत नाही. नेमकी हीच गफलत पुढे झाली. दोन नोबेल मिळवलेल्या लायनस पॉलिंग यांनी 1970 मध्ये पुस्तक लिहून सांगितलं की भरपूर 'क' घ्या, सर्दी टळेल. पुढच्या चाचण्यांत सर्वसामान्य माणसांची सर्दी टळली नाही. रोज गोळी घेणाऱ्या प्रौढांची सर्दी सुमारे 8 टक्के लवकर ओसरली, एवढंच.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार पुरुषाला दिवसाला 80 आणि स्त्रीला 65 मिलिग्रॅम पुरतं. बाजारातली गोळी बहुधा 500 ची. जास्तीचं बरंचसं लघवीवाटे जातं. मुतखड्याची खोड असलेल्यांनी मोठा डोस स्वतःहून घेऊच नये. शंभर ग्रॅम पेरूत 200 मिलिग्रॅमच्या वर मिळतं. आपल्या जंगलातला आवळा तर त्याचा थोरला भाऊ. वरणावर लिंबू पिळलं तर अन्नातलं लोहही अंगी लागतं. ते पान वाढल्यावर पिळा, कारण उष्णतेने हे जीवनसत्त्व नासतं.

मग गोळी कोणाला? महिनोन् महिने भाकरी-चटणीवर काढणाऱ्याला, एकट्या पडलेल्या आजारी म्हाताऱ्याला, ज्याच्या ताटात फळ-भाजी येतच नाही त्याला. तीही डॉक्टरांना विचारून. पण त्याच्या खिशात गोळीचे पैसे नसतात, आणि ज्याच्या खिशात असतात त्याच्या घरी पेरू असतोच. त्या गृहस्थांना आम्ही एवढंच म्हणू: आधी आपलं ताट पहा, मग शेजाऱ्याचं. कुटमध्ये अडकलेल्यांना बाहेर जाऊन भाजी आणता येत नव्हती. आपल्याभोवती तसा वेढा नाही.

आता प्रश्न विचारा.